चेंजअप अपडेट, महिना चौथा: हात फास्ट, बॉल स्लो

मंडळी, मागच्या वेळी रडत होतो ना की बेसबॉलमधला चेंजअप (फास्टबॉलच्याच ॲक्शनने टाकायचा स्लो बॉल) टाकला की एकतर प्लेटच्या, म्हणजे बॅटरसमोरच्या पाटीच्या, अलीकडे टप्पा नाहीतर कॅचरच्या (बेसबॉलचा विकेटकीपर म्हणा) डोक्यावरून, तर आता जरा चांगली बातमी आहे. जराशीच.

आधी घोळ कुठे होता ते सांगतो, कारण आपण बरेच जण टेनिस क्रिकेटमधून आलोय आणि सगळ्यांचा तोच होणार. पंधरा वर्षं स्लोअर वन म्हणून ऑफकटर टाकला, हात थोडा ढिला सोडायचा, बोटं फिरवायची, पुढचं पिच बघून घेतं, बॉल टप्प्यावर अडकून येतो. इथे टप्पाच नाही! जे व्हायचंय ते हवेतच, पिचरपासून प्लेटपर्यंतच्या ६० फूट ६ इंचांत. आणि बॅटर बॉलच्या आधी हात बघतो. आमचा कॅचर (माझा मेव्हणाच, त्यामुळे तोंडाला लगाम नाही) म्हणाला, "भावोजी, तुमचा इंडिकेटर आधीच लागतो, स्लो लोकल येतेय म्हणून."

रडार गन आपल्याकडे कुठली, म्हणून मोबाईलवर २४० फ्रेमचा स्लो मोशन लावला आणि हातातून सुटल्यापासून ग्लोव्हपर्यंत फ्रेम मोजल्या. फास्टबॉल १४८ फ्रेमच्या आसपास. चेंजअप १९०! म्हणजे ताशी वीसेक किलोमीटरचा फरक, ऐकायला भारी वाटतं पण तो सगळा फरक हातातून आलेला, व्हिडिओत माझा खांदाच आळसावलेला दिसतोय. अमेरिकेतल्या मोठ्या लीगमध्येही फरक साधारण ताशी १० मैल म्हणजे १६ किलोमीटर असतो, पण तो ग्रिपमधून येतो, हात फास्टबॉलच्याच जोरात.

तर ग्रिप. सर्कल चेंज सगळ्यांना माहितीये, अंगठा आणि तर्जनीचा गोल बॉलच्या कडेला, मधलं बोट आणि अनामिका वर. मोठ्या लीगमधला नावाजलेला पिचर पेड्रो मार्टिनेझ, त्याचा बघून मीही तोच धरला, आणि त्याची बोटं केवढी लांब आहेत ते विसरलो. माझा पंजा छोटा, त्यात बेसबॉल सीझन बॉलपेक्षा वजनाला हलका पण घेराला किंचित मोठा, गोल पूर्ण करायला गेलो की बॉल अनामिकेवरून निसटायचा. मग गोल सोडला, बोटांच्या टोकांमध्ये अर्धा इंच फट ठेवली आणि बॉल तळव्याकडे सरकवला, पण आवळला नाही. आवळला की मनगट कडक होतं आणि बॉल सरळ टप्प्यात. तिथलाच दुसरा पिचर ट्रेव्हर हॉफमन, त्याचाही बॉल असाच तळव्यात जायचा म्हणतात, आणि त्या माणसाने ६०१ सेव्ह काढले (शेवटी येऊन टीमची थोडक्यातली आघाडी टिकवली की सेव्ह), तेव्हा लाज वाटायचं काही कारण नाही.

खरी मारामारी मनगटाची. ऑफकटरला हात दाराची गोल मूठ उजवीकडे फिरवल्यासारखा जातो. इथे बरोबर उलटं, सुटल्यावर अंगठा खाली, तळहात बाहेर. त्याने बॅकस्पिन कमी होतो, बॉल शेवटी बसतो आणि राईटहँडरचा बॉल हाताच्या बाजूला पळतो, म्हणजे डावऱ्या बॅटरपासून लांब. हे नुसतं वाचून कळतं, पण पंधरा वर्षांचं मनगट ऐकत नाही ना. शेवटी वॉर्मअपचे सगळे थ्रो चेंजअपच्या ग्रिपनेच टाकायला लागलो, लांबचे पण, ताकद लावून, कुठे जातोय ते न बघता. तीन आठवडे शिवाजी पार्कात बाजूच्या नेटवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या (कट्ट्यावरचे एक आजोबा रोज विचारतात, "फेकी बॉलिंग का करतोस रे?"), पण चौथ्या आठवड्यात मनगट आपोआप वळायला लागलं. चेंजअपचा आताचा आकडा १६८ फ्रेम. आणि व्हिडिओत हात दोन्हींना सेम दिसतो, मेव्हण्यालाही ओळखता आलं नाही, हे मुद्दाम लिहून ठेवतोय.

गेल्या रविवारी मॅचमध्ये एक डावरा, कॉलेजला क्रिकेट खेळलेला, दोन स्ट्राईक झाल्यावर (तिसऱ्याला आऊट) चेंजअप दिला तर बॅट फिरवून मोकळा झाला आणि बॉल मागून आला. काय सुख असतं राव! पुढच्या वेळी तोच आला, मी हावरटासारखा परत तोच टाकला, तोही कमरेच्या उंचीवर मधोमध, त्याने पार पलीकडच्या क्रिकेटवाल्यांच्या मिडऑफला नेऊन ठेवला. चूक चेंजअपची नाही, माझ्या डोक्याची. फास्टबॉल आधी दाखवलाच नाही तर चेंज कशापासून करणार?

बाकी मे महिन्याचा घाम हा वेगळाच विषय आहे, दर तीन बॉलनंतर पँटला हात पुसतोय. जून लागायच्या आत खालच्या बाहेरच्या कोपऱ्यात दहापैकी सहा तरी टाकायचेत, सध्या तीन जातात. पाऊस सुरू झाला की बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये चादर टांगून टाकणार, सेक्रेटरीकाकांना अजून विचारलेलं नाही.