माऊलीची डबी आणि पौषवारी

आधीच सांगून टाकतो, मी काही माळकरी वगैरे नाही. माझा एकादशीचा उपास म्हणजे सकाळी साबुदाणा खिचडी आणि संध्याकाळी विसरून वडापाव. तरी यंदा पौष वद्य एकादशीला नाशिकच्या सातपूरहून त्र्यंबकला चालत गेलो, निवृत्तीनाथांच्या यात्रेला, आणि गेलो ते कंपनीतल्या एका माणसापायी.

त्याला आम्ही माऊली म्हणायचो. खरं नाव फक्त पगाराच्या स्लिपवर. गेटवरच्या वॉचमनपासून प्लँट हेडपर्यंत तो सगळ्यांना माऊली म्हणायचा म्हणून त्याचंच नाव पडलं ते. क्वालिटीला होता, इन्स्पेक्शनला. आता क्वालिटीवाला आणि प्रॉडक्शनवाला म्हणजे साप-मुंगसाचं नातं, सातपूर-अंबडमध्ये कुठल्याही कंपनीत विचारा, पण हा माणूस पीस रिजेक्ट करताना असं तोंड करायचा की आपल्यालाच त्याची दया यायची.

मी ट्रेनी होतो तेव्हाची गोष्ट. सीएनसी मशीनवर इन्सर्ट, म्हणजे कापायचं पातं, घासत गेला, मी मोजलंच नाही, साइज वर गेला, आणि लक्षात आल्यावर घाबरून ऑफसेट, म्हणजे मशीनला मापाची दुरुस्ती, दिला तो जास्तच दिला, म्हणजे आधीचे पीस मोठे आणि नंतरचे लहान. एकूण ४२. मोठे रिवर्कला जातात, लहान सरळ भंगारात. सेकंड शिफ्ट सुटली, कंपनीची बस निघून गेली, आणि हा मायक्रोमीटर घेऊन माझ्यासोबत बसला, एकेक पीस पुसायचा, मोजायचा, बाजूला ठेवायचा. मधेच म्हणे, "माऊली, चहा प्यायचा राहिलाय आपला." २६ वाचले. रिपोर्टला त्यानं ४२ चे ४२ लिहिले, खोटं त्याला लिहिताच यायचं नाही, पण खाली एक ओळ टाकली की ऑपरेटर नवीन आहे आणि तासाच्या चेकिंगला मी उशिरा गेलो. उशिरा गेला होता का, मला खरंच माहीत नाही. मग दीड वाजता स्प्लेंडरवर मला रूमवर सोडलं.

आषाढीला नाथांची पालखी त्र्यंबकहून पंढरपूरला जाते पण तेवढे दिवस सुट्टी कोण देणार, म्हणून तो ही पौषातली वारी धरून होता, एक दिवसाची रजा टाकून. दरवर्षी डिसेंबर संपला की विचारायचा, "यंदा येतो का?" मी म्हणायचो पुढच्या वर्षी नक्की. असं चार वर्षं. मग भाद्रपदात एका रात्री सेकंड करून घरी गेला, जेवला, झोपला, आणि सकाळी उठलाच नाही. अटॅक. ३७ वय. लेक तिसरीत.

लॉकर रिकामं करायला वहिनी आल्या होत्या पण त्यांच्याच्यानं होईना, मग मीच काढलं सगळं. जुना टॉवेल, आयकार्ड, अर्धा राहिलेला राजगिऱ्याच्या लाडवांचा पुडा आणि एक पत्र्याची डबी. आत कापूर, खोबरेल तेलाची छोटी बाटली, सुई आणि पांढऱ्या दोऱ्याचं रीळ. मी म्हटलं बटणं लावायला असेल. वहिनी म्हणाल्या, "नाही भाऊजी, ती वारीची आहे. तुम्हीच ठेवा."

तर पहाटे पाचला निघालो. थंडी म्हणजे जानेवारीतली नाशिकची थंडी, नाक जागेवर आहे का हात लावून बघावं लागतं. एकटाच निघालो होतो पण पपया नर्सरीच्या पुढे दिंड्यांची रांगच लागली, खानदेशातून, नगरकडून कितीतरी दिवस चालत आलेली माणसं, मागे ट्रॅक्टर, त्यात भांडीकुंडी, गाद्या, आणि आपण आपलं वीस-पंचवीस किलोमीटरला फार काही करतोय असं वाटत होतं. एक निफाडकडचे आजोबा सोबत आले, पायात साधी चप्पल, कमरेला शाल बांधलेली.

आणि एक गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती. तिथे सगळेच सगळ्यांना माऊली म्हणतात. मागून कुणीतरी "माऊली, जरा बाजूला", चहावाला "घ्या माऊली", पोलीससुद्धा "माऊली डावीकडून चला". मी पहिल्या तासाभरात कितीदा वळून बघितलं असेल. महिरावणीच्या पुढे बघणं सोडलं.

आजोबांना मी का आलोय ते सांगितलं. ते काही बोलले नाहीत, बराच वेळ टाळ वाजवत राहिले. अंजनेरी दिसायला लागल्यावर म्हणाले, "नाथ थोरले. ज्ञानोबांनी आळंदीला समाधी घेतली १२९६ ला, मग सासवडला सोपानकाका, मग मुक्ताई. सगळी पोरंच की रे. तिघांना निरोप देऊन हा थोरला मग इथं आला." एवढंच. पुढे विषय गुळाच्या भावावर गेला.

बूट मी नवे घातले होते, मूर्खपणा. माऊली दरवर्षी सांगायचा, वारीला नवे बूट नको. अंजनेरी फाट्याला टाचेला हा एवढा फोड. मी फोडायला गेलो तर आजोबा ओरडले, "फोडू नको, दोरा घाल!" मला काही कळेना. मग त्यांनीच सांगितलं, सुईनं दोरा आरपार ओवायचा, दोन्ही टोकं बाहेर ठेवायची, पाणी हळूहळू दोऱ्यानं निघून जातं आणि कातडी निघत नाही. "सुई आहे का कुणाकडे?" ते दिंडीला विचारत होते आणि मी खिशात हात घालून बसलो होतो. डबी काढून दिली. आजोबांनी दोरा ओवला, वर कापूर-खोबरेल लावलं, वास आला तसा मी तोंड फिरवून ब्रह्मगिरीकडे बघत बसलो, ऊन डोळ्यावर येत होतं म्हणा.

समाधीची रांग बघून लांबूनच कळसाला हात जोडले, कुशावर्तावर पाय धुतले, एसटीनं परत. दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्ट होती. सेफ्टी शूज चढवताना टाचेला टोचलं, बघितलं तर दोरा तसाच आत होता.