आकार आला, स्पर्श आला नाही

गुरुवार, रात्री

कॅन्सरमुळे डावा स्तन काढला, त्या जागी आता इम्प्लांट, म्हणजे स्तनाचा आकार देणारी कृत्रिम पिशवी, बसवलं आहे. आज शेवटची पट्टी निघाली. जखम कोरडी आहे, लाली नाही, ताप नाही. सूज उतरून इम्प्लांट जागेवर स्थिरावायला काही महिने जातील, तोवर आकाराची चिंता करू नका, असं सर्जनबाई म्हणाल्या. त्या बोलत असताना मी डाव्या बाजूवर बोट फिरवत होते. बोटाला त्वचा कळत होती, त्वचेला बोट कळत नव्हतं.

हे मला नीट लिहून ठेवायचं आहे, कारण याबद्दल फारच कमी बोललं जातं. ऑपरेशनच्या आधी आकारावर कितीतरी चर्चा झाली. गोल की थेंबाच्या आकाराचं, किती सीसीचं, दुसऱ्या बाजूशी जुळेल का. बधिरपणाचा उल्लेख संमतीपत्रात एका ओळीत होता. स्तन काढताना त्वचेकडे येणाऱ्या बारीक नसा कापल्या जातात आणि इम्प्लांट बसवल्याने त्या काही जोडल्या जात नाहीत. कडेकडेने थोडी जाणीव हळूहळू परत येऊ शकते. मधला भाग बहुतेकींचा बधिरच राहतो. म्हणून तिथे गरम पाण्याची पिशवी ठेवायची नाही, कारण भाजलं तरी कळत नाही. ही गोष्ट घरी जाताना प्रत्येकीला स्पष्ट शब्दांत सांगायला हवी. आज मी सर्जनबाईंना तसं म्हटलंही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

मधले महिने एक्स्पांडरचे, म्हणजे त्वचा हळूहळू ताणणाऱ्या तात्पुरत्या पिशवीचे होते. स्तन काढला त्याच ऑपरेशनमध्ये छातीच्या स्नायूखाली तो ठेवला होता. त्वचा पुरेशी आणि धडधाकट उरली तर काहींना थेट इम्प्लांटच बसवतात, हल्ली स्नायूच्या वरही बसवतात. माझ्या बाबतीत त्वचा ताणून जागा करावी लागणार होती. आधी ड्रेनच्या नळ्या. बाटलीत जमलेलं पाणी रोज मोजायचं, वहीत लिहायचं. चोवीस तासांत साधारण ३० मिलीच्या खाली आल्यावर नळी काढतात, म्हणून मी त्या आकड्याकडे डोळे लावून बसायचे. मग एक्स्पांडरमध्ये थोडं थोडं सलाईन भरायला सुरुवात झाली. त्याच्या तोंडाशी चुंबक असतो. त्वचेवरून एक छोटं उपकरण फिरवून ती जागा शोधतात, खूण करतात, तिथेच सुई घालतात. सुई दुखायची नाही. दुखायचं रात्री, छातीभोवती कुणी पट्टा आवळून धरल्यासारखं. कुशीवर वळता यायचं नाही. या चुंबकामुळे एक्स्पांडर असेपर्यंत एमआरआयही बहुधा करता येत नाही, हे मला फार उशिरा समजलं.

माझ्या काखेतल्या लसिकाग्रंथी स्वच्छ निघाल्या, म्हणजे त्यांत कॅन्सर सापडला नाही, आणि रेडिएशन लागलं नाही, हे माझं नशीब. इम्प्लांटभोवती शरीर आपणहून एक आवरण तयार करतं. ते सगळ्यांच्याच शरीरात होतं. पण रेडिएशन झालेल्या बाजूला ते कडक होऊन आवळलं जाण्याचा धोका बराच वाढतो, जखम भरायलाही त्रास होतो. अशा वेळी सर्जन अनेकदा पोटाच्या किंवा पाठीच्या ऊतींपासून स्तन घडवण्याचा पर्याय सुचवतात. वॉर्डात माझ्या शेजारच्या बाईंनी तर काहीच करायचं नाही असं ठरवलं होतं. सपाट छाती, सरळ व्रण. त्यांच्या निर्णयात मला कुठेही कमतरता दिसली नाही.

इम्प्लांट जन्मभर टिकेलच असं नाही, हेही मी मनात पक्कं करून ठेवलं आहे. ते फाटू शकतं, बदलावं लागू शकतं. सिलिकॉनचं असेल तर आतल्या आत फाटल्याचं बाहेरून कळत नाही. म्हणून औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणारं अमेरिकेचं एफडीए पाच-सहा वर्षांनी पहिली एमआरआय किंवा सोनोग्राफी आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी तपासणी सुचवतं. खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी एका दुर्मीळ लिम्फोमाचा, म्हणजे लसिकासंस्थेच्या कॅन्सरचा, संबंध आढळला आणि २०१९ मध्ये अशी काही इम्प्लांट्स जगभरातून परत मागवली गेली. माझं गुळगुळीत आहे. तरी इम्प्लांटचं कार्ड, नंबर आणि मापासकट, मी फाइलमध्ये सगळ्यात वर लावलं आहे.

जड दार ढकलताना छातीचा स्नायू आवळतो आणि त्याच्यासोबत इम्प्लांटही हलतं. पहिल्यांदा जाणवलं तेव्हा दचकले होते. आता सवय होते आहे.

ताईने फोनवर विचारलं, "आता सगळं पूर्वीसारखं झालं ना गं?" मी म्हटलं, "दिसायला बरंचसं. बाकी वेगळं आहे." तिला पुढे काय विचारावं सुचेना, आणि मलाही समजावून सांगण्याची ताकद नव्हती.

ह्यांच्याशी मात्र बोलले. ऑपरेशन झाल्यापासून ते जवळ येताना हात कुठे ठेवू, या विचारात अडकायचे. मी त्यांचा हात धरून गळ्याखालच्या हाडाशी ठेवला आणि सांगितलं, इथे मला कळतं. मग थोडा खाली नेला, इथपर्यंत. त्याच्या पलीकडे नाही. ते रडले. मी नाही रडले. मला त्या क्षणी खूप हलकं वाटलं, कारण माझ्या शरीराची नवी हद्द आता आम्हा दोघांनाही ठाऊक झाली होती.

पुन्हा निवड करायची वेळ आली तर मी हेच निवडेन. वाकताना कपड्याच्या आतलं पॅड सरकेल ही धास्ती गेली. आंघोळीनंतर आरशासमोर उभी राहते तेव्हा मला मी ओळखू येते. हे माझ्यासाठी फार मोठं आहे, आणि गमावलेल्या स्पर्शाचं दुःखही तेवढंच खरं आहे.

स्तनाग्राचं अजून ठरायचं आहे. तिथल्याच त्वचेची घडी घालून उंचवटा करता येतो किंवा नुसतं टॅटू करून रंग आणि छाया देता येते. सर्जनबाई म्हणाल्या, घाई नाही. मला टॅटूकडे ओढा वाटतो, कारण आणखी एक ऑपरेशन आत्ता नको. पुढच्या भेटीत आधी झालेल्या कामांचे फोटो दाखवा म्हणून सांगणार आहे.