ट्रक-घर: यादी दोन गाड्यांवर आली

मंडळी, जुन्या ट्रकवर राहतं घर बांधून लांबच्या प्रवासाला निघायचं, म्हणून गाडी शोधतोय. मागच्या नोंदीनंतर यादीत बरीच काटछाट झाली. आता मर्सिडीजच्या ११२४ एएफ आणि ९१७ एएफ एवढ्या दोनच गाड्या यादीत उरल्यात. दोन्ही जर्मनीच्या अग्निशमन दलांतून निवृत्त होणाऱ्या, फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद) आणि मर्सिडीजच्याच ओएम ३६६ डिझेल इंजिनाच्या. बाकीच्या का गळल्या ते आधी सांगतो, कारण पुण्याच्या मित्रांचा प्रश्न ठरलेला असतो, ‘अरे, युनिमॉग (मर्सिडीजचाच खडतर रस्त्यांसाठीचा ट्रक) का नाही?’

नवी चासी सगळ्यात आधी बाद झाली, आणि ती फक्त पैशामुळे नाही. ऑस्ट्रियातल्या साल्फेल्डनची अ‍ॅक्शन मोबिल मॅन या जर्मन ट्रक कंपनीच्या चासीवर राहत्या गाड्या बांधते. काम बघून तोंडाला पाणी सुटतं. पण आज नवा ट्रक इथे जर्मनीत पासिंग करायचा तर तो युरो ६ या धुराच्या नियमात बसणारा हवा, म्हणजे काजळी अडवणारा पार्टिकल फिल्टर, अ‍ॅडब्लू (धूर स्वच्छ करायला लागणारं युरियाचं द्रावण) आणि सेन्सरांचं जाळं आलंच. युरोपातल्या डिझेलमध्ये गंधक जास्तीत जास्त १० पीपीएम (दहा लाखांत दहा भाग) असतं, आणि भारतातही एप्रिल २०२० पासून, बीएस ६ आल्यावर, तेच प्रमाण आहे. आम्हाला जायचंय मध्य आशियात आणि नंतर आफ्रिकेत. तिथे गंधकाचं प्रमाण कित्येक ठिकाणी शेकड्यांत, काही ठिकाणी हजारांत जातं. असं डिझेल पोटात गेलं की कॅटॅलिस्ट मरतो, फिल्टर तुंबतो आणि कंप्युटर इंजिनाची ताकद कापतो. त्यावर तोडगे निघतात, पण भर वाळवंटात लॅपटॉप उघडून बसायची माझी तयारी नाही.

युनिमॉग यू १३०० एल चिखलातला राजा आहे, वाद नाही. पोर्टल अ‍ॅक्सलमुळे (यात धुरी चाकाच्या मध्याहून वर असते) पोट उंच राहतं आणि ओएम ३५२ इंजिन दणकट आहे. पण व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) ३.२५ मीटर आणि एकूण वजनाची मर्यादा साधारण साडेसात टन. आम्हाला चासीवरचा राहायचा डबा आतून ४.६ मीटर लांब हवा. दोघं जण त्यात वर्षानुवर्षं राहणार, आणि बायकोची स्वयंपाकाच्या ओट्याची लांबी वाटाघाटीच्या पलीकडची आहे.

मॅनच्या काट १ वर मात्र जीव जडला होता. जर्मन लष्कराचा हा ट्रक, हवेवर थंड होणारं डॉइट्झ व्ही ८ इंजिन. त्याची चासी पिळवटतच नाही. चाकं कॉइल स्प्रिंगवर वरखाली होतात, फ्रेम ताठ राहते. म्हणजे डबा सरळ बोल्टने आवळा आणि निघा. पण तो १०० किलोमीटरला ४० लिटरच्या आसपास पितो. ११२४ साठी मी २५ धरलेत. ३०,००० किलोमीटरमागे ४,५०० लिटरचा फरक! शिवाय केबिनमधला आवाज. शेजारी बसून एक फेरी मारली आणि घरात बहुमत विरोधात गेलं.

राहिलेल्या दोघांचं इंजिन आपल्या ओळखीच्या घराण्यातलं आहे. टाटा आणि डाइमलर-बेन्झ यांची भागीदारी १९५४ ते १९६९. टाटाच्या ६९७ इंजिनाचा बोअर ९७ आणि स्ट्रोक १२८ मिलिमीटर, सहा सिलिंडर मिळून ५.६७५ लिटर. हे सगळे आकडे ओएम ३५२ चेच, आणि ओएम ३६६ हा त्याच ३५२ चा पुढचा वंशज. पार्ट जसेच्या तसे बसतील असं म्हणत नाही, पण जो मिस्त्री टाटाच्या जुन्या १६१३ ट्रकवर शिकला त्याला हे इंजिन परकं वाटणार नाही. पंप मेकॅनिकल, हात काळे करून दुरुस्त होणारा.

आता खरी डोकेदुखी, म्हणजे डबा बसवायचा कसा. काटचं सुख इथे नाही. या ट्रकची शिडीसारखी फ्रेम मुद्दाम पिळवटणारी केलेली असते. पुढचं डावं चाक दगडावर चढलं आणि मागचं उजवंही उचललं गेलं की फ्रेमची दोन टोकं एकमेकांविरुद्ध वळतात. फायबर-फोम सँडविचचा डबा वळत नाही. दोन्ही एकत्र घट्ट आवळले तर सैल बाजेवर काचेचं कपाट ठेवल्यासारखं होईल, आधी सांधे उलतील, मग फ्रेमला तडे जातील. उपाय तीन: तीन बिंदूंवरची बैठक, शंकरपाळ्याच्या आकाराची चार बिंदूंची, किंवा एका टोकाला घट्ट आणि दुसऱ्या टोकाला स्प्रिंगवर. माझा कल तिसऱ्याकडे आहे, मागे घट्ट आणि केबिनमागे स्प्रिंगवर. बनवायला सोपी, वजनाला हलकी. तोटा असा की केबिनमधून डब्यात जायच्या खिडकीचा भाता चांगला लवचिक लागतो, नाहीतर तो पहिल्याच पावसात गळतो.

वजनाचा हिशेब ९१७ ला जड जातोय. पाणी ४०० लिटर म्हणजे ४०० किलो. डिझेल ५०० लिटर, तेही ४०० किलोच्या वर. एका स्टेपनीचे दीडशे धरा. घरातली एक वाटीही अजून आत गेली नाही आणि टन संपत आला. नऊ टनांच्या ९१७ मध्ये हात आखडून जगावं लागेल. ११२४ मध्ये दोन टन जास्त मिळतात आणि १७० ऐवजी २४० अश्वशक्ती. पामीर हायवेवरची अक-बैताल खिंड ४,६५५ मीटरवर आहे, तिथे इंटरकूलर असलेला टर्बो उपयोगी पडेल. दोन्ही साडेसात टनांच्या वर, म्हणून सी वर्गाचा (जड ट्रकचा) परवाना काढून ठेवलाय. भारतातला परवाना इथे राहायला आल्यावर सहा महिनेच चालतो, त्यामुळे बी (मोटारीचा वर्ग) पासून सगळी पायरीपायरीने परीक्षा.

टायरबद्दल थोडक्यात: मागचे डबल काढून सगळीकडे सिंगल ३९५/८५ आर २०. दोन टायरांत दगड अडकत नाही, वाळूत मागची चाकं पुढच्यांच्याच चाकोरीतून जातात. अग्निशमनच्या गाड्यांचा डिफ (धुरीतले गिअर) आखूड असतो, म्हणजे इंजिन जास्त फिरतं आणि वेग कमी मिळतो; मोठ्या टायरने तेवढीच दोन पावलं वेगाची सवलत.

पुढच्या आठवड्यात बव्हेरियातल्या एका गावच्या दलाची ११२४ बघायला जातोय. धावलेले किलोमीटर कमी आहेत, म्हणून भुलायचं नाही, कारण अशा गाड्या उभ्या राहून खराब होतात. ब्रेकचे होस, सील, टायरवरची तारीख, पाटे जिथे फ्रेमला जोडलेत तिथला गंज, सगळं टॉर्च लावून बघणार. ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीच्या) तेलाचा नमुना घ्यायला बाटली पण बॅगेत टाकलीय. काढू देतात का ते बघू.