लंगडा मोर

अर्जातला शेवटचा रकाना होता 'कलाकृतीमागची भूमिका, दोनशे शब्दांत'. मी एका बैठकीत लिहून टाकला. स्मृती, स्थलांतर, अस्मिता असे तिन्ही शब्द पहिल्याच वाक्यात. तेव्हा एक टाकासुद्धा घातलेला नव्हता. आता ते आठवलं की कानकोंडं व्हायला होतं.

अर्ज पुण्यातल्या एका कलादालनासाठी होता. पंधरा दिवसांनी फोन आला. "माध्यमाच्या रकान्यात तुम्ही वाकळ, जकार्डची कार्डं आणि तेंदूपान असं लिहिलंय. हे हस्तकलेत जाईल. आम्ही चित्रकला घेतो." मी त्या जागी 'मिश्र माध्यम' असं भारदस्त लिहून अर्ज परत धाडला. त्याला उत्तर आलं नाही. पण काम डोक्यात बसलं होतं. ते पुरं व्हायला चौदा महिने लागले.

घरची हकीकत थोडक्यात सांगते. आम्ही पद्मशाली. पणजोबा सिरिसिल्ल्याकडचे. तो मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. सोलापुरात १८७७ साली 'जुनी मिल' ही कापडगिरणी निघाली, मागोमाग आणखी गिरण्या आल्या, पेठांमधून हातमाग वाढले आणि तेलंगणातल्या विणकरांची घरंच्या घरं इकडं सरकली. आमचं घर त्यातलं उशिराचं, रझाकारांच्या धामधुमीत निघालेलं. आजोबांनी हातमाग चालवला, नायनांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, यंत्रमाग. अव्वानं, म्हणजे माझ्या आजीनं, पन्नासेक वर्षं विड्या वळल्या. शेडमधले चारही माग आम्ही काही वर्षांपूर्वी भंगारात घातले. शेड तेवढी राहिली. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, भाजीवाल्या बाईशी मोडकं कन्नड, असं आमचं चालतं. सोलापुरात आम्हाला 'पूर्व भागातले' म्हणतात. एवढं म्हटलं की ऐकणाऱ्याला सगळं कळतं.

सुरुवात मी फोटोपासून केली. अव्वा-आजोबांचा स्टुडिओतला एक जुना फोटो आहे, मागं रंगवलेला पडदा, पडद्यावर तळं. तो आणि जुनं रेशनकार्ड मला कापडावर उतरवायचं होतं. कापड घेतलं मांजरपाट. नव्या मांजरपाटाला खळ असते. ती सोडा घातलेल्या गरम पाण्यात काढून टाकल्याशिवाय त्यावर काही धरत नाही, हे मी दोन तुकडे वाया घालवून शिकले. फोटोची प्रिंटही लेझरचीच लागते, शाईची पसरते. प्रिंटच्या तोंडाला ॲक्रिलिक जेलचा जाड हात द्यायचा, ती कापडावर पालथी घालून दाबायची, रात्रभर वाळू द्यायची. सकाळी मागून कागद भिजवायचा आणि बोटानं घासायचा. कागदाचा लगदा शेवयांसारखा बोटाखाली वळत निघतो आणि खालून चित्र वर येतं. पहिल्यांदा ते पाहताना मी श्वास धरून बसले होते.

रेशनकार्ड उलटं उमटलं. आजोबांचं नाव आरशातल्यासारखं. पालथं घातलं की उलटं येणार, हे मला चाळीस रुपयांची प्रिंट खर्चून कळलं. झेरॉक्सवाल्या पोराला सांगायला गेले, तर तो आधीच म्हणाला, "मॅडम, मिरर करून देऊ का? टी-शर्टवाले तसंच नेतात."

फोटोचं जास्त बिघडलं. चेहऱ्याशी कागदाची पांढरी साय राहिली होती, ती काढायला मी घासत गेले आणि अव्वाचा चेहराच निघून आला. साडी जागेवर, काठ जागेवर, हात जागेवर, वर नुसतं कापड. मी रडकुंडीला आले, आणि लगेच मनात आलं की अरे, हेच तर 'स्मृतीची झीज' आहे! तसं वाक्यही तयार झालं. अव्वाला दाखवायला नेलं. तिनं कापड डोळ्यांजवळ धरलं.

"चेहरा गेला ते बरं झालं," ती म्हणाली. "साडी राहिली तेवढी पंचाईत. ती शेजारणीची होती."

फोटोपुरती मागून आणलेली. स्टुडिओतून परस्पर परत. तिची स्वतःची होती ती फक्त नथ, आणि ती चेहऱ्याबरोबर गेली होती. माझं वाक्य तिथंच राहिलं. मी ते कापड तसंच ठेवलं आणि साडीच्या काठावरून कच्चा धावदोरा घातला. उसन्या वस्तूवर पक्का टाका कशाला?

मधे सिरिसिल्ल्याला जाऊन आले. सिकंदराबादपर्यंत रेल्वे, पुढं बस. गाव डोळ्यांपुढं येईल आणि काम आपोआप उलगडेल, असं वाटलं होतं. तिथं गल्लीगल्लीत यंत्रमाग खडखडत होते, अगदी आमच्या गल्लीत पूर्वी खडखडायचे तसे. मी तेलुगू बोलायला तोंड उघडलं की समोरची बाई हसायची. माझ्या तेलुगूत मराठी किती आहे, ते मला तिथं कळलं. "मीदि ए ऊरु?" तुमचं गाव कोणतं? सोलापूर म्हटल्यावर म्हणाली, "आँ, षोलापूर." तिलाही एवढ्यात सगळं कळलं. पणजोबांचं घर कुठं होतं ते कुणाला सांगता आलं नाही, मलाही नीट विचारता आलं नाही. दोन लडी सूत घेऊन परत आले.

त्यापेक्षा घरातल्या कोपऱ्यात जास्त सापडलं. अव्वा विडीची तेंदूपानं रात्री भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची, सकाळी पत्र्याच्या मापानं कातरायची. उरलेलं कातरण जळणाला. अव्वानं विड्या सोडल्या तरी शेजारी अजून वळतात. त्यांच्याकडून मी पोतंभर कातरण आणलं, उकळलं, त्यात मलमल बुडवली. गंजलेले खिळे आठ दिवस व्हिनेगरमध्ये घालून ठेवले होते, ते पाणी वरून ओतलं. पिवळट मलमल बघता बघता राखाडी झाली आणि घडीच्या जागी जवळजवळ काळी. पानातल्या तुरटपणाचं आणि लोखंडाचं जमतं ते असं. वासानं अव्वा उठून आली. "बंबात घालायचं ते कापडात कशाला घालतेस?" तिनं विचारलं. मग त्या काळ्या घड्यांवरून बोट फिरवत ती बराच वेळ बसली. काही बोलली नाही, आणि मीही त्याचा अर्थ काढायला गेले नाही.

विडीच्या दोऱ्यानं शिवायचा हट्ट मात्र सोडावा लागला. दर चौथ्या टाक्याला तुटायचा. अव्वाचं म्हणणं, विडी ओढली की संपली, दोराही तेवढ्यापुरताच. शेवटी वाकळीचे टाके चादरीच्या दुपदरी सुतानं घातले आणि विडीचा दोरा वर नुसता आडवा ठेवून बारीक टाक्यांनी बांधला.

आता चादरीचं. माझा बेत असा होता की एक सोलापुरी चादर उलट्या बाजूनं टांगायची. गाठी, सुटे धागे, जे लोकांना दिसत नाही ते समोर आणायचं. बेत नायनांना सांगितला. ते जेवत होते. त्यांनी घास खाली ठेवला.

"कुठली उलटी बाजू?"

मी कपाटातली चादर आणून पसरली. एका तोंडाला तांबड्यावर पांढरा मोर. उलटली, तर पांढऱ्यावर तांबडा मोर, तितकाच स्वच्छ. दुहेरी वीण. दोन कापडं एकदमच विणली जातात आणि नक्षीच्या कडेला एकमेकांत शिरून जागा बदलतात. मी या चादरींखाली लहानाची मोठी झाले, आणि हे मला कधी दिसलंच नव्हतं.

"चादरीला उलटं-सुलटं नसतंय," नायना म्हणाले. "गिऱ्हाईक कुठूनबी पांघरतंय. उलटी बाजू पाहिजे तर टॉवेलवर छापलेलं बघ जा." आणि पुन्हा जेवायला लागले.

दोनशे शब्दांची भूमिका मी त्या रात्री फाडली. चादर शेडच्या मधोमध आढ्याला टांगायची ठरवली, लोकांना दोन्हीकडून फिरता येईल अशी. वाकळ भिंतीला. तिसरी वस्तू जकार्डची कार्डं. भंगारवाल्याकडून चौदा किलो घेतली होती, पुठ्ठ्याच्या रद्दीच्या भावानं. एक कार्ड म्हणजे एक आडवा धागा. जिथं भोक असेल तिथला उभा धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. अशी शेकडो कार्डं दोरीनं ओवून साखळी केली की मागावर नक्षी उतरते. माझ्या साखळीतली दोरी मधेमधे कुजली होती, आकडे ओलीनं पुसले होते. सुटलेली कार्डं मी रंग बघून परत ओवली, पिवळ्यापासून तपकिरीपर्यंत. दिसायला फार सुंदर दिसत होती.

नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महाराजांचा रथ निघतो. त्या दिवशी घराघरांत जानवी बदलतात आणि भिवंडीपासून हैदराबादपर्यंतचे पाहुणे गावात असतात. म्हणून शेड त्याच दिवशी उघडली. लोक आले. आत्यानं वाकळीचे टाके मोजले आणि एक सैल टाका ओढून घट्ट केला. पोरांनी चादरीभोवती लपंडाव मांडला. राखाडी मलमलीला कुणीतरी "नवी फॅशन" म्हणालं.

नायनांबरोबर एक जुने जॉबर आले होते. अख्खी हयात मागांची दुरुस्ती करण्यात गेलेली. त्यांनी फोटो, वाकळ, काही बघितलं नाही. सरळ कार्डांच्या साखळीपाशी गेले आणि भोकांवरून आंगठा फिरवत खाली येत राहिले. एका जागी थांबले. चार कार्डं वर गेले, परत खाली आले.

"हे कुणी ओवलं, पोरी?"

"मीच, मामा."

"मोर हाय. मान बरोबर उतरती, पिसाराबी बरोबर. हितं पाय येतोय, तर पुढची सगळी खालीवर लावलीस. लंगडा निघंल की."

सुई मागून घेतली आणि फरशीवर मांडी घालून बसले. बाहेर ताशे जवळ आले होते. सगळे रथाला नारळ वाढवायला पळाले, ते बसूनच. दोरी उसवली, कार्डं उजेडाकडं धरून धरून रांग लावली, परत ओवायला घेतली. अर्ध्या तासानं मान वर केली.

"एक कार्ड कमी हाय. पंज्याचं. कुठं पडलं का बघ की."

ते मी चार तुकडे करून वाकळीच्या चार कोपऱ्यांना शिवलं होतं. शोभेला. मी शेडभर खाली वाकून कार्ड शोधू लागले.