कार्तिकी पौर्णिमा आणि त्रा विन्हचे पोहे

पहाटेचे पाच वाजले असतील. मच्छरदाणीत पडल्या पडल्या कानावर आवाज आला : धप्प, धप्प, धप्प. दोन मुसळांचा, एकाआड एक. हा आवाज मी शेवटचा ऐकला तो राजापूरला, आजोळी. दिवाळीच्या आधी आजी आणि शेजारची काकू पडवीत पोहे कांडायला बसत तेव्हा. पुढे पोहे गिरणीतून यायला लागले आणि उखळ परसात उपडं पडलं ते पडलंच. मी तशीच उठून बाहेर आले. अंगणात, नारळीच्या झाडाखाली, दोन बायका लाकडी उखळात खरोखरच पोहे कांडत होत्या.

ही वाडी व्हिएतनामच्या दक्षिणेला, मेकाँग नदी समुद्राला मिळते त्या त्रिभुज प्रदेशातल्या त्रा विन्ह प्रांतातली. सायगॉनच्या माझ्या ऑफिसातली एक सहकारी इथली. ती ख्मेर आहे, म्हणजे कंबोडियातल्या बहुसंख्य लोकांच्याच समाजाची, पण कंबोडियातून आलेली नाही. तिचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या याच मातीतलं. दिवाळीत मी डब्यात पोहे नेले होते. तिने झाकण उघडून पाहिलं आणि म्हणाली, "आम्ही हे पौर्णिमेला चंद्राला वाहतो. चल माझ्या गावी." ते साल २०२४. आपली त्रिपुरी पौर्णिमा १५ नोव्हेंबरला होती आणि त्यांचा ओक ओम बोक सणही नेमका त्याच रात्री. 'अम्बोक' म्हणजे पोहे आणि 'ओक' म्हणजे तोंडात बकाणा भरणं. पोह्यांचा बकाणा भरायचा सण! हे ऐकल्यावर मी रजेचा अर्ज टाकला.

सायगॉनहून बसने साडेतीन-चार तास. वाटेत नद्याच नद्या, आणि प्रत्येकीवर लांबलचक पूल. बेन त्रेकडून त्रा विन्हला यायचं तर शेवटची को चिएन नदी पूर्वी फेरीबोटीने ओलांडावी लागे. तिच्यावर पूल झाला तो २०१५ साली. पूल उतरलं की जमीन सपाट, हिरवी आणि ओली. मधूनच एखादी लांब, बुटकी उंचवट्याची रेघ दिसते आणि तिच्यावर उंच सरळसोट झाडांची रांग. या रेघा म्हणजे जुन्या किनाऱ्याच्या वाळूच्या टेकाडांच्या ओळी. समुद्र मागे मागे सरकत गेला आणि या ओळी मागे राहिल्या. ख्मेरांची गावं आणि देवळं या वाळूवर, आणि दोन ओळींच्या मधल्या सखल भागात भातशेती. घर कुठे बांधायचं आणि नांगर कुठे धरायचा हे इथे जमिनीनेच ठरवून दिलं आहे.

हा सगळा मुलूख अठराव्या शतकात व्हिएतनामी राजवटीखाली आला. त्याआधी तो ख्मेरांचा होता. 'त्रा विन्ह' हे नावही 'प्रिया त्रपेआंग' या ख्मेर नावावरून आलं. अर्थ पवित्र तळं. आज प्रांतातले जवळजवळ एक तृतीयांश लोक ख्मेर आहेत आणि त्यांची एकशे चाळीसहून जास्त बौद्ध देवळं आहेत. नकाशावर मात्र आता त्रा विन्ह नावाचा प्रांत शोधून सापडणार नाही. १ जुलै २०२५ पासून तो विन्ह लाँग प्रांतात विलीन झाला. मी गेले तेव्हा तो होता, म्हणून मी त्याला प्रांतच म्हणणार.

तर पोहे. शेतातून नुकतं कापलेलं, पुरतं न पिकलेलं चिकट जातीचं भात. एक बाई चुलीवरच्या मातीच्या मडक्यात ते मूठ-दोन मूठ टाकून काठीने सतत हलवत होती. दाणे तडतडायला लागले की मडकं उचलून थेट उखळात, गरम असतानाच. मग दोघी समोरासमोर उभ्या राहून लांब मुसळांनी कांडणार. तिसरी बाई उखळात काठी घालून दाणे खालीवर करत होती, आणि दोन घावांच्या मधल्या क्षणात तिची काठी आत-बाहेर होई. माझा जीव दर वेळी वर-खाली होत होता. तिचं लक्ष मात्र माझ्याकडे, मला हसून काहीतरी सांगत होती. मग सूप. तोच झटका, तोच कोंडा उडण्याचा वास. सुपात उरले ते पोहे हिरवट, मऊ, किंचित धुरकट. गरम पोह्यांची चिमूट तोंडात टाकली आणि मला एकदम आजीच्या लुगड्याचा वास आला. यात काही वाढवून सांगत नाही.

सहकारीच्या आजीला सगळे 'येय' म्हणत. येय म्हणजे आजीच. वय ऐंशीच्या पुढे, पांढरे केस अगदी बारीक कापलेले, खांद्यावर चौकड्यांचं सुती उपरणं. मी मुसळ मागितलं तेव्हा तिने आधी माझे तळवे उलटेसुलटे करून पाहिले आणि मान हलवून दिलं. पंधरा-वीस घाव घातले असतील. तेवढ्यात खांदे भरून आले. आमच्या आज्या हे पायली-पायलीने करायच्या.

न्याहारीला बुन नुक लेओ. याच्याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचंच आहे. त्रा विन्हला येऊन हे खाल्लं नाही तर इथल्या माणसांना ओळखायचं राहून गेलं, असं माझं ठाम मत झालं आहे. पायाला प्रहोक, म्हणजे मिठात मुरवून आंबवलेला मासा. त्याचा वास उग्र. सुकटीच्या डब्याची सवय असलेल्या नाकालाही पहिल्यांदा जड जातो. पण तो पाण्यात उकळून, गाळून घेतात, आणि मग त्यात गवती चहाचे ठेचलेले दांडे आणि आल्याच्या कुळातलं बोटांसारखं एक मूळ पडतं. त्यानंतर त्याच रश्श्यात मरळ मासा शिजतो. उग्रपणा कुठल्या कुठे जातो आणि खोल, खारी, गोडसर चव मागे राहते. वाडग्यात तांदळाच्या पांढऱ्या शेवया (आपल्या शिरवाळ्याच, फक्त बारीक), त्यावर माशाचे तुकडे, वर हा रस्सा. सोबत ताटभर पाला, मोड, आणि केसासारखं बारीक चिरलेलं केळफूल. ख्मेरांचं प्रहोक, व्हिएतनामींच्या शेवया आणि वरून चिनी पद्धतीचं भाजलेलं डुकराचं मांस. या तिन्ही समाजांची माणसं त्रा विन्हला शेजारी शेजारी राहतात आणि हा वाडगा तिघांचाही आहे. मी दोन खाल्ले.

दुपारी आओ बा ओम पाहायला गेलो. शहराबाहेरचं हे मोठं चौकोनी तळं, साधारण ५०० मीटर लांब आणि ३०० मीटर रुंद. काठावर जुनी, प्रचंड झाडं. वाळू धुपून त्यांची मुळं माणसाच्या कमरेपर्यंत उघडी पडलेली, आणि त्या मुळांत पोरं लपाछपी खेळत होती. तळ्याची गोष्ट सहकारीने सांगितली. पूर्वी म्हणे लग्नाची मागणी बायकांनी घालायची आणि खर्चही त्यांनीच करायचा. बायका कंटाळल्या. पैज लागली की एका रात्रीत दोन्ही पक्षांनी एकेक तळं खणायचं, शुक्राची चांदणी उगवली की थांबायचं, आणि हरेल त्याने यापुढे मागणी घालायची. बायकांची पुढारी ओम नावाची बाई. मध्यरात्री तिने उंच काठीवर कंदील टांगला. पुरुषांना वाटलं, चांदणी उगवली. ते कुदळी टाकून झोपायला गेले. बायका पहाटेपर्यंत खणत राहिल्या. ही गोष्ट सांगताना ती इतकी खूश होती, की जणू तिने स्वतः तो कंदील धरला होता.

तळ्याला लागूनच आंग देऊळ. भोवती खंदक, आत गर्द सावली, आणि मधोमध तीन थरांच्या उतरत्या छपराचं मंदिर. आजची इमारत १८४२ सालची मानतात. छपराच्या कोपऱ्यांतून नाग वर उसळलेले, खांबांच्या माथ्यावर पंख पसरून छप्पर तोलणाऱ्या किन्नरी, दाराशी गदा घेतलेले राखणदार. त्यांना ख्मेरमध्ये 'येआक' म्हणतात, म्हणजे यक्ष. गरुड 'क्रुत' होतो. आत भिंतीभर बुद्धचरित्र रंगवलेलं.

तिथे एका तरुण भिक्षूशी बोलणं झालं. सहकारीने आधी मला बजावलं होतं की त्यांच्या हातात थेट काही द्यायचं नाही, आणि बसताना त्यांच्यापेक्षा खाली बसायचं. इथली बरीच मुलं आयुष्यात काही काळ चीवर घालतात, आईवडिलांच्या ऋणातून उतराई व्हायला. देवळं सुट्टीत ख्मेर लिपीची शाळाही चालवतात. सहकारी ख्मेर वाचायला शिकली ती अशाच एका देवळाच्या ओसरीवर. घराबाहेर सगळा व्यवहार व्हिएतनामीत, तरी ही भाषा लिहिती-वाचती राहिली ती या ओसऱ्यांमुळे. आपल्याकडे परदेशात रविवारच्या मराठी शाळा चालवणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

मी भिक्षूला वार विचारले. तो म्हणू लागला : अतित, चान, आंगकिया, पुत, प्रहोआ, सोक, साव. आदित्य, चंद्र, अंगारक, बुध, बृहस्पती, शुक्र, शनी! 'आंगकिया' ऐकल्यावर मी त्याला अंगारकी चतुर्थीबद्दल सांगितलं, आणि त्याने ते वहीत लिहून घेतलं. चालू महिना कोणता? 'कदक', म्हणजे कार्तिक. आणि मग त्याने सांगितलेली गोष्ट मी अजून मनात घोळवते आहे. भाद्रपदाच्या अमावास्येला त्यांचा सेन डोन ता असतो. डोन ता म्हणजे आजी-आजोबा, गेलेले पूर्वज. त्यांच्यासाठी भाताचे गोळे करतात आणि त्यांना 'बाय बेन' म्हणतात. बाय म्हणजे भात, आणि बेन म्हणजे पिंड. आमच्या घरी सर्वपित्रीला वडील पान वाढून कावळ्याची वाट पाहत उभे राहायचे, त्याच दिवशी इथेही कोणीतरी आपल्या आजीच्या नावाने भाताचा गोळा वळत होतं.

परतताना याच प्रांतातल्या काऊ के भागाच्या मेणनारळाची पाटी दिसली आणि गाडी थांबवली. हा नारळ कानाशी हलवला तर पाणी वाजत नाही. आत मऊ, मेणासारखा जाड गर. एका झाडाच्या नारळांत असे साधारण पाव हिस्साच निघतात. बाकीचे साधे, आणि गंमत अशी की मेणाचा नारळ रुजतच नाही, रोप त्याच झाडाच्या साध्या नारळाचं करावं लागतं. बर्फ, दूध, साखर घालून खातात. माझ्या मामाला फोटो पाठवला, त्याचे लगेच चार प्रश्न आले.

पौर्णिमेच्या दिवशी लाँग बिन्ह नदीवर होड्यांची शर्यत. एका होडीत पन्नासच्या आसपास वल्हेकरी, होडी सापासारखी अरुंद आणि लांब. प्रत्येक होडी एकेका देवळाची. वर्षभर देवळाच्या आवारात ठेवलेली असते, या दिवसांत पूजा करून पाण्यात उतरते. काठावर इतकी गर्दी की मला अर्धी शर्यत आवाजावरूनच कळली.

रात्री वाडीत परत आलो. अंगणात दोन ऊस उभे करून कमान केलेली, तिला फुलं-पानं बांधलेली. खाली चटई, तिच्यावर पोहे, केळी, शहाळी, रताळी, अळकुड्या, उसाची कांडकी. सगळे पूर्वेकडे तोंड करून हात जोडून बसले. चंद्र नारळीच्या वर आला तेव्हा एका म्हाताऱ्या गृहस्थांनी प्रार्थना म्हटली. पाऊस-पाणी आणि पीक चंद्राच्या हाती, म्हणून त्याचे आभार. मग येयने मुलांना एकेक करून जवळ बोलावलं. एका हाताने पोह्यांची मूठ मुलाच्या तोंडात कोंबायची, दुसऱ्याने पाठीवर हलकी थाप मारायची आणि विचारायचं : काय हवं तुला? तोंड गच्च भरलेलं असताना जे उत्तर येईल तो येत्या वर्षाचा शकुन. एक मुलगी सायकल म्हणाली. एक मुलगा नुसताच हसला, आणि तेही चांगलंच मानलं गेलं.

शेवटी येयने मला खूण केली. मी तिच्यापुढे गुडघे टेकून बसले. खोबरं आणि साखर कालवलेले पोहे, बोटांना धुराचा वास, पाठीवर थाप. सहकारीने कानाशी प्रश्न सांगितला. मी मराठीतच म्हणाले, "आईचा गुडघा बरा होऊ दे." येयने त्याचा अर्थ विचारला नाही. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला.

मग सगळे कालव्याच्या काठी गेलो. केळीच्या सोपांवर मेणबत्त्या लावून त्या पाण्यात सोडतात. याला म्हणतात लोय प्रोतीप. प्रोतीप म्हणजे प्रदीप. त्याच संध्याकाळी आमच्या गावच्या देवळात त्रिपूर पाजळला असणार. मी माझा दिवा सोडला आणि तो वळणाआड जाईपर्यंत पाहत उभी राहिले.

निघताना येयने पोह्यांची पिशवी दिली आणि दोनदा बजावलं : साधं पाणी नको, शहाळ्याचं पाणी शिंपडायचं, ओलं खोबरं घालायचं, हाताने दाबून वर झाकण ठेवायचं आणि घाई करायची नाही. रविवारी सायगॉनला मी तसंच केलं आणि आईला व्हिडिओ कॉल लावून पातेलं दाखवलं. पोहे कुठले, कुणी दिले, हे सांगायला मी सुरुवात करणार तोच आई म्हणाली, "दडपे पोहे केलेस? नीट दडपलेस ना? अजून पाच मिनिटं झाकण काढू नकोस."