शेकडो जनुकं, एक दार

‘ऑटिझमवर औषध सापडलं!’ आज व्हॉट्सॲपवर पुन्हा फिरत आलं. सापडलंय काय, ते तरी वाचा राव.

टिमोथी सिंड्रोम हा जनुकीय आजार, त्यात ऑटिझमही दिसतो. यात सीएसीएनए१सी नावाच्या जनुकाच्या ‘८ए’ तुकड्यात डीएनएचं एकच अक्षर बदलतं. या जनुकातून घडणारं, पेशीत कॅल्शियम घेणारं दार मग वेळेवर मिटत नाही. गर्भाच्या मेंदूत सरकणाऱ्या काही चेतापेशी अडखळतात. हृदयाची लय बिघडते ती वेगळीच.

स्टॅनफर्ड विद्यापीठातले मेंदूशास्त्रज्ञ सर्जिउ पास्का यांच्या गटाने रुग्णांच्या पेशींपासून मेंदूच्या ऊतीचे इवले गोळे वाढवले, उंदरांच्या मेंदूत रुजवले. २०२४ मध्ये दाखवलं की न्यूक्लिक आम्लाचा छोटा कृत्रिम तुकडा सोडला, तर पेशी ‘८ए’ गाळून त्याच जनुकाचा ‘८’ हा निरोगी पर्यायी तुकडा वापरते.

पण टिमोथी अतिदुर्मीळ. ऑटिझमशी शेकडो जनुकं जोडलेली आहेत. तिथे नेमकं काय गाळणार?