जाम झालेले पाच एचपीचे इंजिन घरी खोलताना

श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यात सुपारीच्या वाड्या शिपण्याचे काम आता बहुतेक ठिकाणी विजेचे पंप करतात आणि जुनी डिझेल इंजिने जांभ्याच्या पंपघरात गोणपाटाखाली पडून असतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आले, विजेचे खांब आडवे झाले, गावे कित्येक आठवडे अंधारात राहिली आणि तेव्हा सर्वांना या इंजिनांची आठवण झाली. पावसाळा तोंडावर असल्यामुळे वाडीला पाणी नको होते. पण विहिरीतले पाणी घरावरच्या टाकीत चढवायला काहीतरी हवेच होते. आमचे इंजिन त्या वेळी उपयोगी पडले नाही, कारण दोघांनी फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनाच्या बाजूच्या जड चाकाला, जोर लावूनही ते तसूभर हलले नाही. पुढे सवड मिळाली तेव्हा ते पडवीत आणून खोलले, त्याची ही हकिकत आहे.

इंजिन किर्लोस्करचे, उभे, एका सिलिंडरचे, पाण्याने थंड होणारे आणि हँडलने सुरू करायचे आहे. सिलिंडरचा व्यास ८० मिलिमीटर, पिस्टनची धाव ११० मिलिमीटर, म्हणजे आकारमान साधारण ५५३ घनसेंटिमीटर, आणि मिनिटाला १५०० फेऱ्यांवर ताकद पाच एचपी. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली पुण्यात उभी राहिली आणि पुढच्या काही दशकांत महाराष्ट्रातल्या विहिरींवर ही इंजिने इतकी पसरली की त्यांचे सुटे भाग आजही तालुक्याच्या बाजारात मिळतात. जुने यंत्र घरी दुरुस्त करायला घेण्यापूर्वी एवढी खात्री करून घेणे शहाणपणाचे असते.

जाम झालेल्या इंजिनावर सर्वांत आधी हातोडा चालवायची इच्छा होते आणि नेमके तेच टाळायला हवे. हेड, म्हणजे सिलिंडरवरचे झाकण, उतरवले तेव्हा दिसले, की एक्झॉस्टचा, म्हणजे धूर बाहेर सोडणारा, व्हॉल्व्ह उघड्या स्थितीत राहून गेला होता. सायलेन्सरच्या नळीतून खारी, दमट हवा अनेक पावसाळे थेट सिलिंडरमध्ये येत राहिली आणि पिस्टनभोवतीच्या रिंगा जिथे थांबल्या होत्या तिथेच लायनरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळकांड्याला, गंजाने चिकटल्या. पिस्टनवर डिझेल ओतून ते मुरू दिले, मधूनमधून फ्लायव्हील थोडे पुढे, थोडे मागे असे हलवत राहिलो आणि शेवटी फणसाच्या लाकडाचा ठोकळा पिस्टनवर ठेवून हलके ठोके दिल्यावर तो सुटला.

इथून पुढे गॅरेजमध्ये सहसा एकच वाक्य ऐकू येते: ‘फुल इंजिन करून टाका.’ म्हणजे लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग, बुश, व्हॉल्व्ह, सगळेच नवे. मला हा सल्ला आळशी वाटतो. कोणता भाग किती झिजला आहे हे मोजल्याशिवाय तो फेकून देण्यात ना काटकसर आहे, ना कारागिरी. लायनरची झीज मोजायला महागडे बोअर गेज नसले तरी भागते. नवी रिंग लायनरमध्ये घालावी, पिस्टनच्या माथ्याने ती ढकलून सरळ बसवावी आणि तिच्या दोन टोकांमधली फट फीलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पत्र्यांनी, मोजावी. हीच फट एकदा तळाशी मोजायची, कारण तिथे रिंग घासत नाही आणि झीज जवळजवळ नसते. आणि एकदा वर, पहिली रिंग जिथून परत फिरते त्या जागी, कारण तिथे दाब सर्वाधिक आणि तेलाचा थर सर्वांत पातळ असतो. दोन्ही मापांतील फरकाला ३.१४ ने भागले की व्यासातली झीज मिळते. आमच्याकडे तळाशी ०.३० आणि वर ०.७० मिलिमीटर भरले, फरक ०.४०, म्हणजे झीज सुमारे ०.१३ मिलिमीटर. इतकी वर्षे चाललेल्या इंजिनाच्या मानाने ही झीज फार नव्हे. क्रँकची पिन, म्हणजे पिस्टनचा दांडा जिच्यावर फिरतो ती, महाडच्या लेथवाल्या काकांकडे मायक्रोमीटरने तपासून घेतली. ती गोल होती, तिच्यावर ओरखडाही नव्हता.

तरीही लायनर बदलावाच लागला, पण तो झिजल्यामुळे नव्हे. रिंगा चिकटल्या होत्या त्या पट्ट्यावर गंजाने बोटाच्या नखाला लागतील असे खड्डे पाडले होते आणि होनिंग करूनही, म्हणजे आतून दगडाने घासूनही, ते जाण्यासारखे नव्हते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा साडेसोळा पट दाबली गेली की तिचे तापमान ५०० अंश सेल्सियसच्या वर जाते आणि त्या उष्णतेनेच इंधन पेटते. खड्ड्यांतून हवा निसटली तर दाब नाही, दाब नाही तर उष्णता नाही, आणि मग हँडल मारून खांदे भरून येतात.

लायनर बाहेर काढल्यावर दुसरी गोष्ट उघडी पडली. पूर्वी पंपाच्या पाण्याचीच एक बारीक नळी इंजिनाला जोडलेली असे, त्यामुळे विहिरीचे पाणी जॅकेटमधून, म्हणजे लायनरभोवतीच्या पोकळीतून, फिरून पाटात जाई. आमची विहीर खाडीपासून फार लांब नाही. मार्चनंतर पाणी मचूळ होते. परिणामी लायनरच्या बाहेरच्या अंगाला पिवळट पांढऱ्या क्षाराचा थर होता, त्यात तांबडी माती रुतलेली होती आणि हेडमधली पाण्याची भोके अर्ध्याहून अधिक बुजली होती. तांब्या-पितळेची भांडी आमसुलाने लख्ख निघतात म्हणून आईने तोच उपाय सुचवला. तत्त्व बरोबरच होते, पण एवढ्या ओतीव लोखंडासाठी वर्षाची सोलकढी खर्ची पडली असती. बाजारातून लिंबूसत्त्व आणून त्याच्या कोमट द्रावणात हेड आणि ब्लॉक भिजवले, तारेने भोके मोकळी केली आणि शेवटी धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने आम्ल मारले. काही जण यासाठी संडास धुण्याचे ॲसिड वापरतात. ते क्षाराबरोबर लोखंडही खाते.

व्हॉल्व्ह पेस्ट लावून घासण्याचे काम कंटाळवाणे आहे, पण घरी उत्तम होते. आधी जाडी पेस्ट, मग बारीक, आणि बैठकीवर अखंड करडी कडी दिसेपर्यंत थांबायचे नाही. नंतर पोर्टमध्ये रॉकेल ओतून व्हॉल्व्हच्या कडेने पाझर येतो का ते पाहावे. सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे नोझल मात्र घरी उघडू नये. ते सुमारे २०० किलो दाबावर उघडते आणि त्याचा फवारा हाताच्या कातडीतून आत घुसू शकतो. स्टँडवर तपासणाऱ्या माणसाकडे ते द्यावे. चांगले नोझल कर्र असा आवाज करून धुक्यासारखे सोडते आणि शेवटी टोकाला थेंब धरत नाही.

जोडताना नव्या रिंगांची तोंडे एका रेषेत येऊ दिली नाहीत. पिस्टन आणि हेड यांच्यातले अंतर शिशाची तार मध्ये चेपून, तिची जाडी मोजून पुस्तिकेशी ताडून घेतले. मग डिझेलच्या वाटेतली हवा काढली: आधी फिल्टरचा बोल्ट, मग पंपाचा, मग नोझलचा नट, प्रत्येक ठिकाणी बुडबुडे थांबेपर्यंत. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा, त्याला विळखा घालू देऊ नये; इंजिनाने उलटा झटका दिला तर अंगठाच मोडतो. सिलिंडरमधला दाब सोडून देणारा डीकंप्रेशनचा खटका उचलून वेग घेतला, खटका सोडला, एक काळा भपका आला आणि इंजिन लागले. सुरुवातीचे काही तास हलक्या भारावर चालवून तेल बदलले. त्यात अपेक्षेप्रमाणे बारीक चमकी होती.

विहिरीचे पाणी आता इंजिनात जात नाही. २०० लिटरचे पिंप कट्ट्यावर ठेवून त्यात पागोळीचे गाळलेले पाणी भरले आहे; गरम पाणी वरच्या नळीने पिंपात चढते, गार पाणी खालच्या नळीने इंजिनात येते आणि त्यासाठी वेगळा पंप लागत नाही. वरच्या नळीचे तोंड मात्र कायम पाण्याखाली असावे लागते, नाहीतर हे फिरणे थांबते. मृगाच्या आधी हवेच्या नळीतून सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडायचे, दोन्ही व्हॉल्व्ह मिटतील अशा स्थितीत फ्लायव्हील आणून खडूने खूण करायची, सायलेन्सरच्या तोंडावर डबा उपडा घालायचा आणि आठवड्यातून एकदा ते दोन फेरे फिरवून पुन्हा खुणेवर आणायचे, असे ठरवले आहे.

बिनभाराचे चालताना फेरे अजून किंचित वरखाली होतात. वेग कायम राखणाऱ्या गव्हर्नरच्या सांध्यांत ढिलाई असावी असा माझा अंदाज आहे. पंप जोडला की इंजिन एका सुरात चालते, त्यामुळे ते काम दिवाळीनंतर करायचे ठरले आहे.